हात माऊसवरून काढ

हात माऊसवरून काढ आणि मी काय सांगतेय ते नीट ऐक. मघापासून तुझ्यामागे उभी राहून बघतेय. गणपतीच्या फोटोंना नावं द्यायला बसलास. फोटोवर राईट क्लिक, मेनूत रीनेम शोधणं, त्यावर क्लिक, नाव टाइप करणं, पुन्हा माऊस धरणं, पुढच्या फोटोवर राईट क्लिक. एफ-टू हे बटण समोर असताना ही रखडपट्टी कशासाठी? फोटो निवड, एफ-टू दाब, नाव लिही आणि टॅब दाब. पुढच्या फोटोचं नाव लगेच बदलायला उघडतं. सगळे फोटो एकाच दिवसाचे असतील तर कंट्रोल-ए करून सगळे निवड, एफ-टू दाब, 'विसर्जन' असं एकदाच लिहून एंटर मार. कंसातले एक, दोन, तीन कॉम्प्युटर स्वतः घालतो.

कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंयस. परीक्षेत या सगळ्या कीज तू बरोबर लिहिल्या होत्यास. मग हातात का उतरल्या नाहीत? घोकलंस, वापरलं नाहीस म्हणून. "शॉर्टकट इंजिनिअर लोकांना लागतात, घरच्या कामाला कशाला" असं पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. 1970च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कट, कॉपी, पेस्ट आज आपण ज्या पद्धतीने करतो, ती त्यात घडली. आणि तो प्रोग्रॅम कुणासाठी होता? शाळेची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशन संस्थेतल्या संपादकांसाठी. दिवसभर कागदावर खाडाखोड करणारी साधी माणसं होती ती. झेड, एक्स, सी, व्ही या चार कीज खालच्या ओळीत एकमेकींना लागून आहेत, कंट्रोलच्या अगदी जवळ. डावा हात तिथे ठेवलास की उजवा मोकळा. एवढा विचार करून कुणी सोय करून ठेवली आणि तू तिच्याकडे ढुंकून बघत नाहीस, याचा मला राग येतो.

वेळेचं मी सोडून देईन. नुकसानीचं सोडणार नाही. गेल्या महिन्यात लाईट गेली आणि तुझ्या बहिणीचा अख्खा प्रोजेक्ट गेला. पोर रात्रभर जागली. कंट्रोल-एस दाबायला किती वेळ लागतो? प्रत्येक परिच्छेद संपला की दाबायचं, आठवण कुणी करून द्यायची नाही. चुकून मजकूर पुसला गेला तर हातपाय गाळू नकोस, कंट्रोल-झेड आहे. फाइल डिलीट झाली तरी लगेच त्याच फोल्डरमध्ये कंट्रोल-झेड दाबून बघ, परत येते. पण शिफ्ट-डिलीटला हात लावू नकोस. ती फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही.

कॉम्प्युटर अडकला की तू सरळ बटण दाबून बंद करतोस. ही सवय आजपासून बंद. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल, अडकलेला प्रोग्रॅम तेवढा बंद कर, बाकीचं काम शाबूत राहील.

आणि बँकेचं पान उघडं टाकून दार उघडायला उठतोस, हे तर मला अजिबात खपणार नाही. घरात चार माणसं येतात जातात. विंडोज की आणि एल, एवढं दाबून उठायचं. स्क्रीन लॉक होते, परत आल्यावर पासवर्ड टाकायचा. वडिलांच्या पेन्शनचे पैसे त्या खात्यात आहेत.

आता सगळ्यात जास्त ज्याची चीड येते ते. मराठी अर्ज इंग्रजी अक्षरांत लिहितोस आणि वर सांगतोस, मराठी टायपिंग किचकट आहे. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड एकदा जोडून घे, मग विंडोज की आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. इनस्क्रिप्टची मांडणी कधी डोळे उघडून बघितलीस? डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. के दाबलं की क, शिफ्ट धरून के दाबलं की ख. आयवर ग, शिफ्टने घ. एलवर त, शिफ्टने थ. जोडाक्षरासाठी डीवर हलन्त. पहिलीत शिकलेली बाराखडीच आहे ती! क-ख-ग-घ येणाऱ्या माणसाने ही सबब सांगावी? पहिला आठवडा बोटं अडखळतील, अडखळू देत. तुझी भाषा तुझ्या बोटांना यायलाच हवी.

चल, खुर्ची पुढे ओढ. सोसायटीला द्यायचा पाणीगळतीचा अर्ज काढ, तो मराठीत टाइप करायचाय. माऊसला हात लावलास तर पहिल्या ओळीपासून पुन्हा.