नावं कोरून झाल्यावर

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २५,००० हून अधिक जवानांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. तिथे मान आपोआप झुकते. पण जे जखमी होऊन जगले, त्यांचं काय?

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं! ही सुवर्णपदक विजेत्याची कथा. मग पदक नसलेल्यांची आठवण कोण ठेवणार?

पुण्यात खडकीला, मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला चाकाच्या खुर्चीत थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलावं लागतं. नाहीतर त्वचेला जखमा होतात आणि त्या त्याला कळतही नाहीत. युद्ध थांबून वर्षं लोटली, तरी हे रोज चालूच राहतं.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला हातभार लावाच. पण त्याआधी आपल्या गावातल्या जायबंदी माजी सैनिकाच्या, वीरपत्नीच्या घरी जा. निवृत्तिवेतनाचं, औषधांचं काही अडलंय का, विचारा आणि ते काम तडीस न्या.