आमच्याकडे तर कोरडं आहे

नागपूरच्या सक्करदऱ्यात जुन्या घरांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, तरी वर मालक नि खाली किरायादार ही रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. दोन्हीकडचं एक भांडण ठरलेलं. खालच्या काकू म्हणतात, "भाऊ, संडासच्या छताला ओल येऊन राहिली." वरून उत्तर येतं, "आमच्याकडे तर कोरडं आहे." आणि वरचा खोटं बोलत नसतो.

जुनं कमोड उचललं की खरं काय ते कळतं. पाइपाच्या तोंडाशी पांढऱ्या सिमेंटचा जोड तडकलेला, भोवतालचा कोबा भिजून काळा पडलेला. कमोड घेताना रंग पाहिला होता. भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर 9 इंच की 12, कोणी मोजलं नव्हतं. मग जोड ओढूनताणून बसवला. दर फ्लशला थोडं पाणी टाइलखाली मुरत राहिलं आणि पोपडे निघाले ते खालच्या छताचे. दोष ज्याच्या घरात, त्यालाच तो दिसत नाही. अशा वेळी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा खालच्याच्या छतावर विश्वास ठेवावा लागतो, नि तेच जड जातं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी शौचालयातल्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदावर टाकला आहे. पण खर्च पुढची गोष्ट. आधी गळती कबूल तर व्हायला हवी!

मिस्त्रीला बोल लावणं सोपं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावण्याआधी, नहाणीचं तोंड बंद करून निदान 24 तास पाणी भरून ठेवायचं, हे त्याला ठाऊक असतं. "आजच लावून टाक ना भाऊ, घरात एकच संडास आहे," म्हणणारे आपणच. खरं तर तेवढ्यापुरतं खालच्या काकूंचंच संडास मागावं, आणि पाणी भरल्यावर छतावर नजर ठेवायलाही त्यांनाच सांगावं. पण ज्यांच्याशी वर्षभर वाद घातला, त्यांच्या दारात बादली घेऊन कोण उभं राहणार?

जाणता कारागीर नवं कमोड रबरी रिंगच्या कनेक्टरवर बसवतो, स्क्रू कसतो, बुडाभोवती सिलिकॉन भरतो. फक्त मागच्या बाजूला बोटभर फट सोडतो. जोड गळलाच तर पाणी आधी मालकाच्याच फरशीवर यावं, म्हणून. मिस्त्री गेला की पुष्कळ मालक ती फट पांढऱ्या सिमेंटने बुजवून घेतात. वाईट दिसते म्हणे.