नळीची गाठ

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांचे कारखाने, जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग, अंबड-घनसावंगीकडे रानोमाळ ट्रॅक्टर. छातीला जबर मार लागलेला माणूस इथल्या दवाखान्यांना नवा नाही. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसली की छातीच्या पोकळीत हवा नाहीतर रक्त साठतं, फुप्फुस दबतं, माणूस श्वासासाठी तडफडतो. मग डॉक्टर काखेखाली, दोन बरगड्यांच्या फटीतून, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लगटून नळी टाकतात. कारण बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं. हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, परत आत जात नाही.

जीव वाचला, असं आपल्याला इथंच वाटतं. मला मात्र त्यानंतरची पाच मिनिटं फार मोलाची वाटतात. जाड रेशमी धागा कातडीतून घेऊन गाठ मारायची, तोच धागा नळीभोवती गुंडाळून पुन्हा आवळायचा. नळी दबायला नको आणि सरकायलाही नको. गंभीर रुग्णाला इथून पुष्कळदा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवावं लागतं. साठेक किलोमीटर, धक्के खात, स्ट्रेचरवरून उचल-ठेव होत. वाटेत नळी निसटली तर छातीत पुन्हा हवा शिरू शकते. तो सगळा रस्ता त्या गाठीच्या भरवशावर असतो.

पुढे नळी काढली की भोक बुजवायचं. गोल टाका घालून बटव्याच्या तोंडासारखं ते आवळण्याची पद्धत जुनी आहे. पण त्यात कातडी चुणते आणि दुखरा, वेडावाकडा व्रण राहतो. त्यापेक्षा दोन्ही कडा सरळ रेषेत जुळवणारा टाका नळी टाकतानाच घालून सैल ठेवलेला बरा. नळी काढताना रुग्णाने श्वास रोखायचा, एकाने नळी ओढायची, दुसऱ्याने त्याच क्षणी गाठ आवळायची.

कष्टकऱ्याला व्रणाचं काय, असं कुणी म्हटलं की राग येतो. काखेखालचा दुखरा व्रण हात वर केला की ताणतो, आणि ऊसतोडीच्या बाईला मोळी रोज डोक्यावर घ्यायची असते.

आपल्या माणसाला अशी नळी असेल तर बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी ठेवा. नळीला स्वतःहून चिमटा लावू नका. टाका सैल वाटला तर लगेच सिस्टरला हाक मारा, संकोच करू नका.