भूक कोण ठरवतं?

लठ्ठ माणसाला सल्ला द्यायला कुणाला डॉक्टर व्हावं लागत नाही. ‘जिभेवर ताबा ठेव, सकाळी चालायला जा,’ हे शेजारीही सांगतात. वजन म्हणजे ज्याच्या त्याच्या वागण्याचं फळ, ही त्यामागची समजूत. चरकसंहितेने अतिस्थौल्याची कारणं मोजताना गोड-स्निग्ध आहार, दिवसाची झोप, व्यायामाचा अभाव यांच्यासोबत बीजस्वभावही, म्हणजे आईवडिलांकडून आलेली प्रवृत्तीही, सांगितली होती. लोकांनी बाकीची कारणं लक्षात ठेवली, बीज विसरले.

आधुनिक वैद्यकाला ते पुन्हा सापडायला विसावं शतक सरत आलं. १९८६मध्ये संशोधक अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांचं वजन दत्तक घेणाऱ्या आईवडिलांशी नव्हे, जन्मदात्यांशी जुळत होतं. १९९४मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने चरबीच्या पेशींतून पाझरणारं लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. चरबीचा साठा किती उरला, हे ते मेंदूला कळवतं. साठा घटला की मेंदू भूक वाढवतो. खाण्याचा निर्णय वाटतो तितका आपल्या हातात नाही, हे तिथे कळलं.

मग निश्चयाने वजन उतरवणाऱ्यांचं काय होतं? अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ स्पर्धक संशोधक केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. बहुतेकांचं वजन बरंचसं परतलं होतं. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांचा निश्चय खोटा नव्हता. शरीर गमावलेला साठा परत मागत होतं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३मध्ये लठ्ठपणाला रोग म्हटलं. पुढे सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं आणि उपचार थांबल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. अनेकांना हा औषधाचा पराभव वाटला. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब चढला, तर आपण गोळीला दोष देत नाही. इथेही तोच न्याय लावायला हवा.

पण रोग ओळखायचा कसा? फक्त काट्यावरून नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्यालाही मधुमेह गाठतो, त्यामागे अशी लपलेली चरबीही असते. २०२५च्या ‘लॅन्सेट’ आयोगानेही नुसत्या बीएमआयवर विसंबू नका, अवयवांचं कार्य बिघडलंय का ते पाहा, असं सुचवलं.

रोग म्हटल्याने माणसावरचा ठपका पुसला जातो, समाजावरची जबाबदारी नाही. चाळीस-पन्नास वर्षांत आपली जनुकं बदलली नाहीत. ताट बदललं, चालणं घटलं. २०२५मध्ये भारतात आलेली वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं महिन्याला हजारो रुपये मागतात, आणि ती वर्षानुवर्षं घ्यावी लागू शकतात. ज्याला ती परवडत नाहीत, त्याच्या वाट्याला पुन्हा ‘जिभेवर ताबा ठेव’ हा फुकटचा सल्लाच येणार असेल, तर आपण रोग मान्य केला तो फक्त पैसेवाल्यांपुरता.