आरंभीची शिल्लक

माणसाची पारख कशावरून करावी, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. मी पडलो बँकेतला कारकून, बी.कॉम. माझं तत्त्वज्ञान पडवीत टांगलेल्या गॅस गिझरच्या पलीकडे फारसं जात नाही.

मालवणात थंडी ती कसली, असं पुण्याचे पाहुणे म्हणतात. म्हणोत. आम्हाला स्वेटर घालायला वर्षातले जेमतेम पंधरा दिवस मिळतात. ते आम्ही दवडत नाही. नेमक्या त्याच पंधरवड्यात गिझर कोमट पाणी देतो. मे महिन्यात, गरम पाण्याच्या नुसत्या नावाने घाम फुटतो तेव्हा, हाच गृहस्थ चटके देतो! घरच्यांनी त्याला 'अडीअडचणीला पाठ फिरवणारा' ठरवून टाकलं.

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "थंडयेन गॅस गोठता. नवो घेवा."

आता, सिलिंडरात असतो प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. लेहमध्ये जानेवारीत सिलिंडरने मान टाकली तर समजण्यासारखं आहे. मालवणच्या सिलिंडरने ती सबब सांगणं म्हणजे कणकवलीहून उशिरा आलेल्याने वाटेत बर्फ पडलं होतं म्हणण्यासारखं!

सेल पाहिले, नवे होते. पाण्याची जाळी पाहिली, स्वच्छ होती. ज्योत निळी. मग मी आमची विद्या काढली: खातेवही.

समजा, गिझर पाण्यात 16 अंशांची भर घालतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 32 अंशांनी येतं. बाहेर पडतं 48. जानेवारीच्या पहाटे तेच पाणी येतं 20 अंशांनी. बाहेर पडतं 36. गिझरने दोन्ही वेळा सारखीच भर घातली. कमी होती ती आरंभीची शिल्लक. आणि आपण शिव्या देतो अखेरची शिल्लक पाहून.

परवा शैक्षणिक कर्जाचे दोन अर्ज माझ्या टेबलावर आले. एका मुलाला 88 टक्के. घरी शिकवणी, टेबल, पंखा, उठवायला आई. एका मुलीला 64. पहाटे रापणीवर मासे निवडायचे, मग शाळा. गुणपत्रिकेवर आरंभीच्या शिल्लकेचा रकानाच नसतो. शेरा मात्र आम्ही ठणठणीत लिहितो: 'साधारण'. कोणी किती भर घातली, हे विचारायचं कोणी?

म्हणून सगळ्यांनाच माफ करावं का? नाही. ज्योत पिवळी पडली, काजळी धरू लागली, तर थंडीची सबब चालत नाही. अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद न्हाणीघरात तो माणसाला कळूही न देता संपवतो. आमचा गिझर पडवीत आहे तो म्हणूनच. कमी देणारा वेगळा आणि विष देणारा वेगळा. पहिल्याला समजून घ्यावं, दुसऱ्याचा कॉक आधी बंद करावा आणि समजूत नंतर काढावी. गरिबीतून वर आलो म्हणून लाच खातो, असं सांगणारे मला भेटले आहेत. त्यांची ज्योत पिवळी!

आता उपाय. नळ थोडा आवळायचा. धार दोन तृतीयांश केली की भर 16 ची 24 होते, आणि पाणी 44 अंशांचं मिळतं. माणसांचंही तेच, घाई कमी केली की तीच माणसं जास्त देतात. पण धार अगदीच बारीक केली तर पाण्याच्या दाबाने उघडणारी झडप मिटते आणि गिझर विझतो. अपेक्षाच ठेवली नाही तर माणूसही असाच विझतो. त्या मुलीच्या अर्जावर मी दयेपोटी काही लिहिलं नाही. 'भर भरपूर, परतफेडीची खात्री' एवढंच लिहिलं. साहेबांनी भुवई उचलली आणि सही केली.

हे सगळं मी सौभाग्यवतींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही आलात तेव्हा हे घर किती अंशांवर होतं, आणि तुमची भर किती?"

मी टॉवेल घेतला आणि आंघोळीला गेलो.