गर्दी टाळणारा

पावसाळा सरताना राधानगरीभोवतीच्या सड्यांवर फुलं येतात, रविवारी गाड्यांची रांग लागते आणि माझ्या कपाळावर आठी चढते. आता ही माणसं फुलांत बसणार, फोटो काढणार, सगळं तुडवणार. मी तसा नाही. मी एकटा जातो, भल्या सकाळी जातो, कुणी फिरकलं नसेल अशा कडेला जातो. या 'मी तसा नाही'मध्ये किती सुख आहे, हे कबूल करतानाही संकोच वाटतो.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. वर माती कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही. त्यावर शेवाळ धरतं, मग गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी रोपं. यांची मुळं जाऊन जाऊन किती खोल जाणार?

कातळाला धरून राहणाऱ्या अशा जिवांवर पाय पडला तर काय होतं, हे पाहायला न्यूझीलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर शील आणि टेलर या संशोधकांनी हॉर्मोसिरा नावाच्या समुद्रशेवाळावर मोजून पावलं टाकली होती. 1999 साली त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. एका ओहोटीत दहा पावलं पडली तरी सुमारे 25 टक्के आच्छादन गेलं. दोनशे पावलांत 90 टक्क्यांहून जास्त. म्हणजे सर्वांत महाग पडली ती पहिली दहा. मळलेल्या वाटेवर पुढच्या पावलाला मोडायला उरतंच काय? आणि पहिली दहा कुणाची असतात? कुणी फिरकलं नसेल तिथं जाणाऱ्याची.

लगेच मनात वकील उभा राहतो. सडा म्हणजे काही समुद्रकिनारा नव्हे. इथं गुरं चरतात, गवे फिरतात. त्यांच्या खुरांपुढं माझे बूट ते काय? पण गवा पोटासाठी येतो. मी कशासाठी येतो? कुणाला न दिसलेलं फूल मला दिसलं, हे चार माणसांत सांगायला?

फोंडा घाट उतरून कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो तरी तेच. ओहोटीला लोकांपासून दूर, खडकांच्या टोकाला जाऊन बसायचं. पायाखालच्या शेवाळाकडे माझं लक्ष असतं, ते मी घसरू नये म्हणून.

मग काय, गर्दीच्या मागून चालायचं? बहुधा हो. तेही चिखल चुकवायला कडेच्या फुलांत न उतरता, कारण वाटा रुंद होतात त्या तशाच. येत्या सप्टेंबरात जमेल का हे मला? बूट भरतील, पुढचा सेल्फीसाठी थांबला की मागं ताटकळावं लागेल, आणि डावीकडे तो मोकळा सडा दिसत राहील.