पहिल्या आवृत्तीची साक्ष

जुन्या रहस्यकथा व हेरकथांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणाऱ्या संग्राहकांनी इंग्लंड-अमेरिकेत स्वतःची बाजारपेठ आणि स्वतःचे संकेत निर्माण केले असले, तरी या छंदाच्या मुळाशी असलेला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. जी कादंबरी कोणत्याही स्वस्त पुनर्मुद्रणात शब्दशः तीच मिळते, तिच्या एका विशिष्ट प्रतीत असे काय असते, की जे दुसरीत नसते? आणि तसे काही असेलच, तर त्यावर मालकी सांगणे कितपत समर्थनीय ठरते?

इयान फ्लेमिंग यांची ‘कॅसिनो रोयाल’ ही जेम्स बॉण्डची पहिली कादंबरी लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने एप्रिल १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या मुद्रणाच्या ४,७२८ प्रती निघाल्या आणि त्यांपैकी पुष्कळशा सार्वजनिक वाचनालयांत जाऊन वाचकांच्या हाती झिजल्या. पुस्तकाचे वेष्टन, म्हणजे बांधणीवर सैलसर गुंडाळलेले छापील कागदी आवरण, फ्लेमिंग यांच्याच कल्पनेतून साकारले होते. पहिल्या मुद्रणाच्या वेष्टनाच्या आत दुमडलेल्या पुढील पट्टीवर ‘संडे टाइम्स’मधील अभिप्राय नसतो, तर नंतरच्या वेष्टनावर तो आढळतो. हा अभिप्राय असण्या-नसण्याने कादंबरीतील एकही शब्द बदलत नाही, तरीही संग्राहकाच्या दृष्टीने प्रतीचे मोल त्याने पालटते.

अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलाकृतींचे दोन प्रकार मानले. चित्रासारख्या पहिल्या प्रकारात मूळ आणि नक्कल यांतील भेद निर्णायक असतो, कारण हुबेहूब नक्कलही मूळ चित्र होऊ शकत नाही; साहित्यासारख्या दुसऱ्या प्रकारात अक्षररचना अचूक असलेली प्रत्येक प्रत ही सारख्याच अधिकाराने ती कृती असते. न्याय-वैशेषिक परंपरेच्या भाषेत बोलायचे, तर संहिता ‘सामान्या’सारखी, म्हणजे अनेक वस्तूंत एकत्वाने राहणाऱ्या तत्त्वासारखी, आहे आणि प्रत ही ‘व्यक्ती’, म्हणजे ते सामान्य जिच्यात प्रकट होते अशी एकेक वस्तू, आहे. या दृष्टीने पाहिल्यास पहिल्या आवृत्तीचा संग्राहक साहित्यकृतीच्या अधिक जवळ जातो, हा समज टिकत नाही.

तथापि व्यक्तीला सामान्याजवळ नसलेली एक गोष्ट असते, आणि ती म्हणजे तिचा स्वतःचा इतिहास. बॉण्ड हे नाव कोणालाही ठाऊक नसताना ही कादंबरी जगासमोर कोणत्या रूपात आली, याचा पुरावा १९५३ ची प्रत देते, आणि हा पुरावा नंतरच्या कितीही देखण्या मुद्रणाला देता येत नाही. म्हणून पहिल्या आवृत्तीचे खरे मूल्य साक्षीदाराचे मूल्य आहे, आणि साक्षीदाराची सारी प्रतिष्ठा सत्यावर अवलंबून असते. एका प्रतीचे चांगले वेष्टन काढून दुसरीवर चढवणे, फाटलेल्या कडा रंगवून लपवणे किंवा आधुनिक छपाईचे वेष्टन मूळ म्हणून खपवणे, या कृतींनी डोळ्यांना दिसणारी वस्तू सुधारते, परंतु तिची साक्ष खोटी होते. दुरुस्तीत दोष नाही. दुरुस्तीचा उल्लेख टाळण्यात आहे.

मालकीच्या प्रश्नावर जैन विचार अधिक प्रकाश टाकतो. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची, म्हणजे संचयाची, व्याख्या ‘मूर्च्छा’ या शब्दाने केली आहे. वस्तूविषयीच्या ममत्वाने विवेक झाकोळणे असा त्याचा आशय असून, परिग्रहाचे मर्म त्यामुळे वस्तूंच्या संख्येपेक्षा मनाच्या आसक्तीत शोधावे लागते. संग्रह करणे आणि मूर्च्छित होणे यांत भेद करण्यास येथे जागा मिळते, मात्र त्या जागेचा आधार घेऊन प्रत्येक हव्यासाचे समर्थन करता येणार नाही. फ्लेमिंग स्वतः ग्रंथसंग्राहक होते. पर्सी म्यूर या ग्रंथविक्रेत्याच्या साहाय्याने त्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान व समाजविचार यांत नव्या वाटा पाडणाऱ्या ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या जमवल्या, आणि त्यांच्या निधनानंतर तो संग्रह अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात जाऊन अभ्यासकांना उपलब्ध झाला. संग्राहकाचे आयुष्य संपते आणि वस्तू उरते, म्हणून त्याची मालकी स्वभावतःच विश्वस्ताची ठरते. विश्वस्ताचे पहिले कर्तव्य असे, की जे हाती आले त्याची ओळख पुढच्या हाती खरी पोहोचावी.

हा निकष मान्य केला, तर बाजाराच्या एका रूढ समजुतीचाही फेरविचार करावा लागतो. वाचनालयाचे शिक्के आणि मळलेल्या कडा असलेली प्रत कमी प्रतीची समजली जाते आणि न हाताळलेल्या प्रतीला सर्वाधिक किंमत येते. कोरी प्रत प्रकाशकाने काय दिले हे सांगते आणि तिचे ते महत्त्व निर्विवाद आहे; परंतु उत्कंठेने, एका बैठकीत वाचली जावी म्हणूनच जी कादंबरी लिहिली गेली, ती वाचकांनी कशी स्वीकारली, हे झिजलेली प्रतच सांगू शकते. दुर्मिळतेचे एक कारण तर हे वाचनच आहे, कारण ज्या प्रती हातोहात फिरल्या त्याच आधी नष्ट झाल्या. सत्याची राखण हे ज्या संग्रहाचे प्रयोजन असेल, त्याने या दोन्ही साक्षी सारख्याच आदराने जपल्या पाहिजेत, आणि केवळ बाजारभाव हेच ज्याचे प्रयोजन असेल, तो संग्रह कितीही मौल्यवान असला तरी मूर्च्छेच्या कक्षेबाहेर येत नाही.